सात नंबरची खाट

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी अठ्ठावीस वर्षं रस्त्यांवरची खडी मोजली. कुणी नुसतं सांगितलं म्हणून माझा विश्वास बसत नाही. माझी बायको शीला याला सरळ खोड म्हणते. आईला म्हसावदच्या अलीकडे ट्रस्टच्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं, तेव्हाही मी आधी जाऊन वॉर्ड पाहून आलो. वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी आठ खाटा, फिनेलचा वास, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तक्त्यात लिहायचं: डावी, पाठ, उजवी.

आई, अनुसयाबाई, सात नंबरवर होती. पक्षाघातानं उजवं अंग गेलेलं, बोलणं तुटक, माकडहाडाशी जखम. दर रविवारी मी गेलो की तिचा एकच धोशा असायचा.

"हेमू, कानबाईले माले घर लई जाय. माले आपला रोट खावाना शे."

आमच्याकडे श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात, त्याच पिठाचे रोट करतात आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. तुला नेईन, असा मी आईला शब्द दिला होता.

जुलैमध्ये सातवरचा पंखा बंद पडला. आईचा जीव उकाड्यानं कासावीस होईल म्हणून मी सिस्टरशी भांडलो आणि खिडकीजवळची आठ नंबरची खाट मिळवली. आई झोपेत होती. मी आणि मंगलाबाई आयानं तिला चादरीसकट उचललं. ती फार हलकी लागली. वजन घटलंय, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी जखम सुकलेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिचं बोलणं साफ झालं.

"ये भाऊ, बस," ती म्हणाली.

आई मला कधी भाऊ म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात नावं निसटतात. पटण्यासारखंच होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तीन महिने न भरलेली जखम आठ दिवसांत भरली कशी? आणि कानबाईचं तिनं नावही काढलं नाही.

मग मी तक्ते वाचायला घेतले. आठ नंबरचा तक्ता कोरा होता. सात नंबर रिकामी होती, तरी तिच्या तक्त्यावर त्याच सकाळच्या नोंदी होत्या: आठ वाजता डावी, दहाला पाठ, बाराला उजवी. अक्षर मंगलाबाईचं.

"मंगलाबाई, रिकामी खाटनी कूस बदलस का?"

तिनं मान वर केली नाही. "ती खाट रिकामी नही शे, भाऊ."

नवापूरकडच्या प्रिस्किला सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "अनुसयाबाईंना हलवल्यापासून मंगलाबाई असंच करतात. थकल्या आहेत हो. मी ती पानं काढून टाकते."

मी निष्कर्ष काढला. इथे खोट्या नोंदी होतात, माझ्या आईकडे कुणी बघत नाही. शुक्रवारी मी गाडी घेऊन गेलो.

सातवर गादीच्या कडेला उशी उभी लावलेली होती, कुशीवरच्या माणसाच्या पाठीला टेकू देतात तशी. मी ती रागानं ओढून काढली. उशी कोमट होती. ऊन तर आठवर पडत होतं.

आईला खुर्चीत बसवताना मंगलाबाई पुढे आली नाही.

"तू कोनले लई चालना, भाऊ?" तिनं विचारलं.

मी खुर्ची दाराकडे ढकलली. वाटेत ब्राह्मणपुरीपर्यंत आई खिडकीतून बाहेर पाहत होती, नव्या गावाला आलेला पाहुणा बघतो तशी.

रविवारी कानबाई बसली. शीलानं आईच्याही नावाची सव्वा मूठ घेतली होती. आरती झाल्यावर रोट आणि खीर घेऊन मी आईच्या खोलीत गेलो. माझे डोळे भरून आले होते. दिलेला शब्द पाळला होता. मी घास तिच्या तोंडाशी नेला.

तिनं ओठ मिटून घेतले. मग उजव्या हातानं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"हाऊ रोट घरना लोकेसना शे, भाऊ. माले चालाव नही."

बोलणं अदबीचं होतं. मला तिची भीती वाटली. पोटच्या पोराला आईची वाटू नये, तशी.

मी ताट घेऊन ओसरीवर आलो आणि वॉर्डचा फोन लावला. बऱ्याच वेळानं मंगलाबाईनं उचलला.

"मंगलाबाई," मी म्हणालो, "सात नंबर..."

"थांब भाऊ, दोन वाजनात. मायनी कूस बदलानी शे."

फोन तिनं बाजूला ठेवला. पलीकडे चादर सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी कण्हलं आणि मी आलो का, ते तुटक तुटक विचारलं, "हेमू... उना का?"

माझ्यामागे, खोलीतली खाट करकरली.

तिची कूस बदलायला आत दुसरं कुणीच नव्हतं.