डाव्या अंगाचा आरसा

खोटं वाटत असेल तर सोनईला या आणि आमच्या भागवतला विचारा. माझा चुलतभाऊ, उसाचा ट्रक चालवतो. मागच्या डिसेंबरातली, भर दिवसा चारची गोष्ट आहे.

आदल्या दिवशी त्याच्या गाडीचा डावा आरसा फुटला. मागं ट्रॉली जोडलेली, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला... साध्या आरशात काय कपाळ दिसणार? म्हणून त्यानं भंगारातून लांब दांड्याचा आरसा आणला. अपघातातल्या गाडीचा होता. असला पार्ट बसवला की ड्रायव्हर लोक आधी लिंबू उतरवतात. हा म्हणाला, "उद्या बघू." चार बोल्ट आवळले, वर कारखान्याच्या यार्डात चोरी नको म्हणून नटांवर वेल्डिंगचा टाका मारला. फार शहाणा!

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. सात वर्षांची राजनंदिनी हट्टानं बापाबरोबर आली आणि डाव्या खिडकीशी बसली.

कारखान्यावर ही रांग! पुढं ट्रक, मागं ट्रक, दोन्ही बाजूंना उसाच्या गाड्या. दार वीतभरही उघडेना.

भागवतनं सहज आरशात पाहिलं...

ट्रॉलीपाशी निळ्या शर्टाचा एक माणूस चालत येत होता.

तिथून माणूस येईल कसा? उसाला ऊस घासत होता.

त्यानं डोळे चोळले. माणूस मागच्या चाकाशी.

पुन्हा पाहिलं... डिझेलच्या टाकीशी.

"नंदे, इकडं ये. मांडीवर बस."

"काय झालं, पप्पा?"

"ये म्हन्तो ना!"

डाव्या खिडकीची काच वर होईना. आरसाच काढावा म्हणून त्यानं तिकडं सरकून पाना घेऊन हात बाहेर घातला, पण टाका मारलेला नट हलतोय कसला! हॉर्न दाबला. यार्डात पन्नास हॉर्न वाजत होते, कोण लक्ष देणार? पोरीला पोटाशी धरून तो देवाचं नाव घेत बसला. बाहेर पडायला वाटच नव्हती.

डाव्या दाराचा खटका वाजला...

दार उघडलं नाही. आरसा मात्र रिकामा झाला.

रांग हलली तशी राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, ते काका माझ्या जागी का बसले?"

सीटवर कोणीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यानं आरसा गॅस कटरनं कापून काढला. दुकानातला कोरा बसवला, लिंबूही उतरवलं. पोरीला तो आता गाडीजवळ फिरकू देत नाही.

परवा मी त्याच्याबरोबर संगमनेरला निघालो. डाव्या सीटवर मीच. आरशात बघून भागवत म्हणाला,

"कोपर आत घे रं. बाभळीचं काटं लागत्याल."

माझे दोन्ही हात मांडीवर होते...

मी नुसतं "व्हय" म्हणालो. संगमनेर यायला अजून तासभर होता.