मागच्या बाकावरची किल्ली

घाबरट असेल त्यानं आत्ताच आत जाऊन झोपावं. मधे उठायचं नाही. गोष्ट ऐकीव नाही, माझ्या मित्राची आहे. चर्चचा राखणदार होता तो.

गावातल्या तीन पंथांचे धर्मगुरू एरवी एकमेकांच्या चर्चची पायरी चढत नसत. पण वंशसंहाराला तीस वर्षं होत होती, आणि मेलेल्यांसाठी तिघांनी मिळून प्रार्थना करायचं ठरवलं. जागा याच चर्चची, कारण त्या रात्री माणसं जीव मुठीत धरून इथल्याच दाराशी आली होती. तेव्हा राखणदार होता माझ्या मित्राचा बाप. भीतीनं त्यानं दार उघडलं नाही. सकाळी पायऱ्यांवर एकही जण जिवंत नव्हता. पुढं बाप कुणाशी धड बोललाच नाही. मरताना एवढंच म्हणाला, दाराची किल्ली माझ्या शवपेटीत ठेवून पुरा. पोरानं ठेवली आणि कुलूप बदललं. पण मी असतो तर उघडलं असतं, हे तो गावभर सांगत फिरायचा.

प्रार्थनेची आदली रात्र, मंगळवार. आज दार रात्रभर सताड उघडं ठेव, असं तिघांनी बजावलं होतं. त्यानं बाकं पुसली, मेणबत्त्या मांडल्या. पण हाताची सवय जाते थोडीच? अकरा वाजले आणि त्यानं आतून अडसर घातला. ध्यानीमनीही नव्हतं.

साडेअकराला टकटक झाली.

"कोण?"

पुन्हा टकटक... मग बऱ्याच हातांची. काही वर, काही अगदी खाली, लहान पोराचा हात पोचेल तिथं.

त्यानं अडसरावर हात ठेवला... हात हलेना. जन्मभर बापाला नावं ठेवली, आणि आज तो बापाच्याच जागी उभा होता.

टकटक मंदावली. एकच उरली. खालची.

त्यानं अडसर काढला.

बाहेर कोणी नाही.

"या..." तो कसाबसा म्हणाला.

बाकं करकरली. पुढचं... मधलं... एकेक भरत गेलं. तो भिंतीला चिकटून उभा.

मग सगळं शांत झालं. तेवढ्यात उंबऱ्याबाहेर कुणीतरी खोकलं.

खोकला ओळखीचा होता.

बराच वेळ गेला. आत कुणी येईना...

"बाबा, तुम्हीपण या," तो रडत म्हणाला.

सगळ्यात मागचं बाक करकरलं.

सकाळी तिघे धर्मगुरू आले. दार उघडं, बाकं रिकामी, राखणदार पायरीवर बसलेला. मागच्या बाकावर एक जुनी किल्ली होती, आताच्या कुलपाला न लागणारी. तिच्या दातांत ओली माती अडकली होती.