मे महिन्यातली शाल

सन २०५८च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा चव्वेचाळीसवर गेला होता आणि माझी आई शाल पांघरून बसली होती. घरात आम्ही तिघंच: आई, आबा आणि मी. हे कोडं सोडवायचं सोडून मी आईवर चिडत होते. माझं विज्ञान प्रदर्शन ती विसरली, तेव्हा मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही.

मग नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड बिघडलंय म्हणाले आणि नागपूरच्या तज्ज्ञांची गुरुवारची वेळ घेऊन दिली. पहिल्या भेटीआधी तिथला यंत्रमानव घरी येतो. आमच्याकडे आलेला गुडघ्याएवढा होता, डाळीच्या डब्यासारखा. विचारायचं आणि टिपून घ्यायचं एवढंच त्याचं काम, म्हणून मी त्याला टिपण्या म्हणू लागले. त्रास कधीपासून, औषधं कोणती, जुने रिपोर्ट कुठे आहेत, डॉक्टरांना काय विचारायचंय, सगळं तो आधीच लिहून घेतो. डॉक्टरांसमोर बसलं की माणूस निम्मं विसरतो आणि उरलेलं लपवतो, असं त्याचं म्हणणं.

आईने मात्र प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं, तसं काही नाही, थोडा थकवा आहे. शेवटी ती म्हणाली, "ती वेळ रद्द कर. आळस आहे माझा. त्याला काय तज्ज्ञ लागतो?" आणि आत जाऊन आडवी झाली. ही वेळ गेली तर पुढची चार महिन्यांनी मिळेल, असं टिपण्याने सांगितलं. मला रडू आलं. तोवर ती मलाही विसरली तर, असलं काहीबाही मनात येत होतं.

मी रिपोर्ट घेऊन आबांकडे गेले. टिपण्याही मागोमाग घरंगळत आला. आबा म्हणजे आईचे वडील, हवामानशास्त्रज्ञ. गेली चाळीस वर्षं ते रोजचं तापमान वहीत लिहितात. मी विचारलं, यात टीएसएच नावाचा आकडा वाढलाय, मग आई मंद कशी झाली?

आबांनी माझा हात माझ्याच गळ्यावर ठेवला. इथे पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी असते. ती संप्रेरकं (रक्तातून फिरणारे रासायनिक निरोप) तयार करते. शरीराने किती वेगाने काम करायचं, किती ऊब ठेवायची, ते त्यावर ठरतं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (वाटाण्याएवढी एक ग्रंथी) तिला कामाला लावते. टीएसएच ही त्या पीयूषिकेची हाक.

"तू अंगणात खेळून राहिली अन् आईने जेवायला हाक मारली. तू आली नाही, तर ती काय करते?"

"आणखी मोठ्याने मारते."

"तसंच हे. आकडा मोठा, कारण थायरॉइड कमी काम करते."

थंडी, झोप, विसरणं, सगळं त्यातूनच येऊ शकतं. म्हणजे तो आळस नव्हता. मला माझ्या चार दिवसांच्या अबोल्याची लाज वाटली.

तेवढ्यात टिपण्याने एक रिकामा रकाना दाखवला. हा त्रास एकाच घरात पुन्हा दिसू शकतो; त्यात आवाजही घोगरा होतो, उपचार राहिले तर हृदय थकतं. तेव्हा आणखी कोणाला होता का? आबा नाही म्हणाले. मग उठले आणि कपाटातून २०४१ सालची वही घेऊन आले. मे महिन्याच्या पानावर समासात लिहिलं होतं: "४५.१. कुमुद पुन्हा शालीत. आळस मोजायला तापमापक नाही." कुमुद म्हणजे माझी आजी. हे वाक्य ते तेव्हा मित्रांना हसत वाचून दाखवायचे. पुढे लिहिलं होतं, "कुमुदचा आवाज घोगरा." "आमटीत दोनदा मीठ." चार वर्षांनी आजीचं हृदय थकलं आणि ती गेली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

"रोज हवेचं तापमान मोजलं मी," आबा म्हणाले. "पण तिला एकदाही विचारलं नाही, की थंडी काहून वाजते. मी आळशी म्हटलं, तर तिनेही ते खरं मानलं. मग ती हाक तरी कशाला मारेल?"

टिपण्याने रकान्यात लिहिलं: आजी, शक्यता. तपासणी झाली नव्हती. त्या शेवटच्या तीन शब्दांकडे आबा बराच वेळ पाहत राहिले.

मग ते वही घेऊन आईकडे गेले. तिने ती पानं वाचली, पुन्हा वाचली आणि डोळ्याला पदर लावला. थोड्या वेळाने तिनेच मला हाक मारली. "शलाका, तू लिही. माझ्याकडून राहून जाईल." केस गळतात, जिना चढायची भीती वाटते, लेकीच्या प्रदर्शनाचा दिवस विसरले त्याचं फार वाईट वाटतं. हे सगळं मी लिहिलं, आणि शेवटचं लिहिताना अक्षर वाकडं आलं.

नंतर प्रश्न लिहिले. गोळी किती दिवस घ्यायची, हा आईचा. मलाही तपासायचं का, हा माझा. आबांचा प्रश्न असा: आधी कळलं असतं, तर कुमुद राहिली असती का? याचं उत्तर कदाचित डॉक्टरांकडेही नसेल, असं टिपण्या म्हणाला, पण प्रश्न त्याने खोडला नाही. कमी पडणारं संप्रेरक गोळीतून देता येतं, काही आठवड्यांत फरक पडू लागतो, एवढं मात्र त्याने सांगितलं.

गुरुवारी आम्ही निघालो तेव्हा आबांची वही टेबलावर उघडी होती. समासातली शाई अजून ओली होती.

"४४.६. लेक शालीत. थंडी कधीपासून वाजते, विचारलं. दिवाळीपासून, म्हणाली."