बिनआवाजी डबा

यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ताईने सांगितलं, तसंच सांगते.

आणि रात्र वगैरे नव्हती. लख्ख दुपार होती. मंगळवार, अडीचचा सुमार. जागा म्हणजे तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली मागची खोली. एका कोपऱ्यात टेबल, पाठीमागच्या कोपऱ्यात पाळणा.

ताई माझी मावसबहीण. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, घरूनच. पिल्लू सात महिन्यांचं. त्याचा डोळा लागला की हिचं काम सुरू.

पण तिचा तो जुना कॉम्प्युटर! उभा, अरुंद डबा. आत तीन चिमुकले पंखे. तापला की नुसता घर्रर्र...

दोन प्रकरणं परत आली. रेकॉर्डिंग तपासणारा म्हणाला, "मॅडम, मागे गिरणी चालू आहे का?"

तिसरं परत आलं असतं, तर काम गेलं असतं.

तिने दादाला बोलावलं. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. कॉम्प्युटर जोडून देणं हाच त्याचा धंदा. लहानपणी हिला सायकल त्यानेच शिकवली होती. "चालव बिनधास्त, सीट धरलीय मी," म्हणत.

"छोटा पंखा जीव तोडून पळतो, म्हणून बोंबलतो," दादा म्हणाला. "मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढीच हवा आत घेतो. पण त्याला रुंद तोंड लागतं. तू ठोकळ्यासारखा चौकोनी डबा घे. आत दोन कप्पे असतात. तापणारं सामान वेगळं, वायरींचा पसारा वेगळा. थंडही राहतो, गप्पही बसतो."

तिने मोबाइलवर दहा डबे पाहिले. काचेचा नको, जाळीचा बरा, असं चाललं होतं.

"माझ्याकडे एक पडून आहे," दादा म्हणाला. "कोरा करकरीत. खोक्यातून काढलेलासुद्धा नाही."

"मग आण की!"

"असं नाही. मला दे, असं म्हण."

"आता हे काय नाटक?"

"म्हण गं. नंतर म्हणशील, दादाने गळ्यात मारला."

ताई हसली. "बरं बाबा, मला दे."

दादाने इतका मोठा सुस्कारा सोडला, की पिल्लू दचकलं.

त्याच संध्याकाळी त्याने तो डबा आणून जोडून दिला. पाणीही न पिता निघाला. जाताना एकदाही पिल्लाकडे पाहिलं नाही.

डबा खरंच गुणी निघाला. पंखा फिरतोय की नाही, तेही कळेना. दादाने एक युक्ती शिकवली होती. पुढच्या जाळीसमोर पातळ कागदी रुमाल धरायचा. हवा आत जात असेल, तर तो चिकटतो.

तिने धरला. चिकटला.

आवाज... शून्य.

पिल्लूही शहाणं झालं. आधी चाळीस मिनिटांत उठायचं, आता चारपर्यंत हूं नाही की चूं नाही. ताई मला फोनवर म्हणाली, "लॉटरी लागली गं!"

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या.

"बाळाचं पोट दुखतं का हो? दुपारभर रडत असतं."

"आमचं नसेल काकू. ते तर झोपलेलं असतं."

काकूंनी मान वर करून तिच्याच दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. कॉम्प्युटर बंद पडला. ताईने सहज मान वर केली... भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

टिकटिक येत नव्हती.

तिने रुमाल उचलून जाळीसमोर धरला. का धरला, तिला सांगता येत नाही.

रुमाल चिकटला.

मग सुटला.

मग पुन्हा चिकटला... कुणी श्वास घ्यावा, तसा.

आणि मग तो मंगळवार उजाडला. अडीच वाजता तपासणाऱ्याचा फोन.

"मॅडम, गिरणी गेली. पण आता बाळ रडतंय मागे. सगळ्या प्रकरणांत."

"शक्यच नाही. मी ऐकूनच पाठवते."

"पाठवतो परत. तुम्हीच ऐका."

खोलीत फाइल उतरेना, म्हणून ती फोन घेऊन बाहेर जिन्यात आली. रेकॉर्डिंग लावलं.

प्रत्येक प्रकरणाआधी ती अर्धं मिनिट खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड करायची. तशी पद्धतच असते.

त्या शांततेत पिल्लू रडत होतं.

साधं नाही. घसा फुटेस्तोवर. हुंदका अडकून, पुन्हा श्वास घेऊन. आणि पुढे त्यावर ताईचा स्वतःचा आवाज, शांतपणे वाचत सुटलेला. पानामागून पान.

मग रडण्याच्या अगदी जवळ, कुणीतरी...

"शू... शू..."

बाईचा आवाज. ताईचा नव्हे.

रडणं कापल्यासारखं थांबलं.

ताई धावली. खोली शांत होती. पाळण्यात पिल्लू होतं. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, तोंड उघडं. ते रडत होतं... आणि आवाज नव्हता.

दुपटं मानेपर्यंत घट्ट खोचलेलं. ताई कधीच तसं खोचत नाही.

तिने त्याला उचललं आणि पळत सुटली. उंबरा ओलांडला, आणि तिच्या कानाशी त्याचा हंबरडा फुटला.

सात दिवसांत, दुपारच्या वेळी पहिल्यांदा.

दादाने सातव्या वेळी फोन उचलला.

"तुला ठाऊक होतं?"





"मला तो एका गिऱ्हाइकाने दिला," तो म्हणाला. "असंच मागायला लावून. फोडला, फेकला. सकाळी पुन्हा जागेवर. कुणी तोंडाने मागितल्याशिवाय तो घर सोडत नाही गं."

"मग मीच सापडले?"

"माझी पोर चार वर्षांची आहे. विचारायची, बाबा, मी हाक मारते तर तुम्ही ओ का देत नाही? तुझी वहिनी तिला घेऊन माहेरी गेली." त्याचा आवाज चिरकला. "तुझं लहान आहे. त्याला आठवणार नाही."

ताईने फोन ठेवला. तिला सायकल आठवली. तेव्हाही ती पडली, आणि मागे वळून पाहिलं तर सीट कुणीच धरली नव्हती. तो लांब उभा राहून हसत होता. तेव्हा तीही हसली होती.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. मागची खोली बंद. पिल्लू दिवाणखान्यात, तिच्या मांडीवर. दाराच्या फटीतून तो डबा दिसला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझं बाळ पाच महिन्यांचं, आणि माझा कॉम्प्युटरही घरघरतो.

"पडूनच आहे, तर मला दे—"

ताईने झडप घालून माझ्या तोंडावर हात दाबला. दात ओठात रुतले. मग रडत रडत तिने सगळं सांगितलं.

"दिला असता तर सुटले असते गं," ती म्हणाली. "पण मी दादा नाही."

वाक्य पुरं झालं नव्हतं. मी स्वतःला तेच समजावते. तिच्या घरून निघाले तेव्हा डबा तिथेच होता. आज सकाळी विचारलं, तर म्हणाली, आहे.

आता दुपारचे अडीच झालेत. बाळ आत निजलंय, तेवढ्यात हे लिहून काढते आहे. आज फार वेळ निजलं...

समोर घड्याळ आहे. काटा सरकतोय.

टिकटिक कधी थांबली, ते मला कळलं नाही.