तिच्या वाट्याची वेळ

"तुम्ही आत्ता मशीनवर काही चालवताय का?" जिना उतरून आलेल्या तिनं धापा टाकत विचारलं. खालच्या मजल्यावरचा तो उंच, शांत प्रोग्रामर हनुवटीला हात लावून पडद्याकडे बघत होता. तिच्यासारखेच त्याच्या चाचणीचेही आकडे दर वेळी वेगळेच येत होते. दोघं ऑफिसच्या एकाच मशीनवर, एकाच वेळी आपापल्या प्रोग्रामच्या वेगाचं मोजमाप घेत होते, एकमेकांचे आकडे बिघडवत होते आणि आठवडाभर बिचाऱ्या आपापल्या कोडला नावं ठेवत होते.

तिनं एक कॅश लिहिली होती, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा कप्पा. शेकडो मागण्या एकदम आल्या तरी तो अडखळत नाही, हे तिला आकड्यांनी दाखवायचं होतं. त्याच्या प्रोग्रामचंही तसंच काहीसं. मग तोडगा निघाला. वेळ वाटून घ्यायची आणि एकाची चाचणी चालू असताना दुसऱ्यानं मशीनला हातसुद्धा लावायचा नाही. हात रिकामे राहिले की तोंडं सुरू होतात... कॉफीचे कप मध्ये ठेवून दोघं बसू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो कमी बोलायचा, पण ती बोलताना चष्मा काढून ऐकायचा. आमच्या बाईसाहेब तिथेच विरघळल्या.

आता गंमत बघा. तिचं मोजमाप संपलं. आकडे स्थिर आले, साहेबांनी कॅश मंजूरही केली. तरी ती आपली वेळ सोडेना. रोज खाली येऊन नुसतीच बसायची. इकडे त्याचं काम रखडलं. एका दुपारी तो वरिष्ठांची बोलणी खाऊन पडलेल्या चेहऱ्यानं आला, तेव्हा तिनं हातातला कप खाली ठेवला. सांगावं, तर हे बसणं संपणार. न सांगावं, तर आपल्या हट्टापायी त्याच्या नोकरीवर गदा येणार. तिला तो फार आवडत होता, म्हणूनच गप्प राहवेना.

"एक सांगू? माझं काम... केव्हाच संपलंय. मशीन आता सगळा वेळ तुझं."

"माहितीये," तो म्हणाला. "तुझ्या वेळेत ते अगदी निवांत असतं. दिसतं मला."

"मग तुझी चाचणी का नाही लावलीस, शहाण्या?"

"लावली असती, तर तू खाली कशाला आली असतीस?"

तिचे कान तापले.

"आले असते," ती हळूच म्हणाली. "नुसतं ये म्हणायचंस."

"ये. उद्या ये, परवा ये... रोज ये."

"येईन. पण आधी ती चाचणी लाव. मला तू असाच आवडतोस, तुझ्या साहेबांना मात्र आकडे लागतात."