मळखाऊ कापड

"भिंतीला ड्रेस शिवतेयस का गं?" सुबोधने बायकोची टिंगल केली.

नलिनी तरी काय करणार? दहिसरचा हा रिसेलचा फ्लॅट घेतला तेव्हापासून आतल्या खोलीच्या भिंतीवर तेलाचा डाग होता. जमिनीवर बसून डोकं टेकलं की लागतं, त्या उंचीवर. दोनदा रंग मारला, दोनदा वर आला. शेवटी तिने भिंतींना कापडच लावून घ्यायचं ठरवलं. आणि आता श्रुतिका, तिची लेक, तान्ह्या मुलीला घेऊन याच खोलीत राहायला येणार होती.

कापडवाले विद्याधर बोरिवलीहून नमुने घेऊन आले. "ताई, दुकानातल्या लाइटवर भुलू नका. भिंतीवर टाचून ठेवा, घरच्या उजेडात बघा, मग ठरवा."

तिने मोतिया, पिस्ता आणि फिका निळा टाचला. सकाळी मोतियावर डाग. हात लावला तर ओला. बोटांना कापूर घातलेल्या खोबरेलाचा वास.

"टेकली असशील," सुबोध म्हणाला.

"मी? या बॉबकटला तेल कधी बघितलंयस तू?"

पाळणा आला. तो कोपऱ्यात मांडला, तर मोतियाची जागा कोरडी पडली आणि पाळण्याशेजारचा निळा नमुना तेलकट झाला. तिने पाळणा समोरच्या भिंतीला नेला. तिथे कापड नव्हतंच. संध्याकाळी नुसत्या रंगावर डाग उमटला.

तिने श्रुतिकाला फोन केला. "आणखी थोडे दिवस सासरीच थांबतेस का गं?"

"बॅगा भरून झाल्यात, आई. येऊच नको का मी?"

"ये गं, ये," म्हणून नलिनीने फोन ठेवला आणि विद्याधरांना लावला. कुठलंही कापड लावलं तरी तेलकट होतंय, म्हणाली.

"मग मळखाऊ घ्या ना," विद्याधर म्हणाले. "गडद कॉफी. काही सांडलं तरी कळणार नाही."

चारही भिंतींना कॉफी रंगाचं कापड चढलं. कुठेही डाग नाही. नलिनीचा जीव भांड्यात पडला.

श्रुतिका आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आंघोळ करून आली, पाळण्यात डोकावली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाली, "टाळू काय मस्त भरलीस गं, आई. लगेच झोपली बघ."

नलिनीचे हात कणकेत होते. सुबोध ऑफिसात.

ती तशीच आत गेली.

बाळ शांत झोपलं होतं. टाळूवर तेल चमकत होतं. कापराचा वास येत होता.

नलिनीने एकेका भिंतीकडे पाहिलं.

कापड मळखाऊ होतं. कुठे काही दिसत नव्हतं.