चौथ्या मजल्यापर्यंत

दुपारचे तीन म्हणजे काही भुताखेतांची वेळ नव्हे. चिमणी तळघरातल्या प्रयोगशाळेत एकटीच होती, आणि काम तर अगदी साधं: टाकी रिकामी करायची, नळ्या धुवायच्या, घरी जायचं.

चिमणी हे वडिलांनी, म्हणजे अण्णांनी ठेवलेलं लाडाचं नाव. एरवी ती चांगली चाळिशीची इंजिनिअर. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली की पुढे रक्त किती पोचतं, हे ती सिलिकॉनच्या नळ्यांत लाल पाणी खेळवून मोजायची. या वेळची नळी खुद्द अण्णांच्या स्कॅनवरून ओतलेली होती. अरुंद जागेच्या पुढेही दाब ठीक भरला. "धोका नाही" असा अहवाल तिने दिला, तो पाहून डॉक्टरांनी अण्णांना आज घरी सोडलं, आणि ती सुटली.

ती टाकीशी वाकली, तेवढ्यात पंप चालू झाला. ठक्... ठक्...

तिने बटण बंद करायला हात नेला. बटण बंदच होतं.

गार खोलीत कोमट, गोडसर वास पसरला. ठोके वाढले. ठक्-ठक्, ठक्-ठक्... मध्येच अडखळत, पुन्हा वेग घेत, धापा टाकत कुणी जिना चढावा तसे. आणि अरुंद जागेपुढच्या दाबाचा काटा खाली खाली येऊ लागला.

आपण काय करून बसलो, ते तिला आत्ता कळलं. पंप तिने बसलेल्या माणसाच्या गतीने चालवला होता. बसल्या जागी अरुंद वाटही पुरते. खरी कसोटी चढताना. दरवर्षी हेच ती विद्यार्थ्यांना घसा कोरडा करून सांगायची. घरच्या माणसाच्या वेळी मात्र हवं ते उत्तर मिळालं नि तिने पुढे पाहिलंच नाही.

अण्णा राहायचे चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद होती.

फोन बराच वेळ वाजला.

"अण्णा, कुठे आहात?"

"जिन्यात गं... तिसरा झाला... आता एकच..."

"बसा! आहात तिथेच खाली बसा!"

"अगं, लोक काय म्हणतील..."

"माझी शपथ आहे, बसा!"

ठोके मंदावले. ठक्... मग पंप थांबलाच.

"अण्णा?... अण्णा!"

"बसलोय ना बाई. ओरडतेस काय?"

ॲम्ब्युलन्स तिनेच पाठवली, डॉक्टरांपाशी आपली चूकही कबूल केली. संध्याकाळी त्यांनी आत बारीक जाळी बसवून वाट मोकळी केली. खाटेवरून अण्णा म्हणाले, "भर जिन्यात बसवलंस की गं बापाला!" चिमणी हसली आणि हसता हसता ढसाढसा रडली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

आठवड्याने तिने ती नळी काढून उजेडात धरली. अरुंद जागा उरलीच नव्हती. तिथे आतून जाळीचे बारीक वळ होते. तिला भीती वाटली नाही. "उपकार झाले," ती हळूच म्हणाली.

मग त्याच नळीचा शेजारचा फाटा बोटाला लागला. तो पहिल्यापासून साफ होता. आता तिथे, नखाने चिमटा काढावा एवढी, एक जागा आत गेली होती.

तिने नळी होती तशी पुन्हा पंपाला जोडली, डॉक्टरांना फोन लावला, आणि ते उचलेपर्यंत बंद पंपाकडे कान लावून उभी राहिली.